टॅरोचे पत्ते आणि राहुलचा आरसा



आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला एक मुलगी यायची. पीएच.डी. करते, पुण्यात तिघीजणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते, वर्गात सगळ्यात टोकदार प्रश्न तिचे असायचे. एकदा पिशवीतून वही काढताना तिचा पत्त्यांचा कॅट खाली पडला. रमीचे पत्ते नव्हेत, टॅरोचे. कोणी विचारायच्या आतच ती म्हणाली, "मी भविष्य-बिविष्य बघत नाही. रोज सकाळी एक कार्ड काढते, त्यावर दहा मिनिटं वहीत लिहिते. मन मोकळं होतं, एवढंच." आम्ही हसलो. एक जण म्हणाला, "बावीस प्रतिज्ञा विसरलीस काय गं?" दुसरा म्हणाला, "उद्या दाराला लिंबू-मिरची पण बांध." तीही हसली. त्यानंतर दोन महिने ती वर्गाला आली नाही.

टॅरोवर आम्हाला टीका करायची आहे आणि ती आम्ही करणारच आहोत. पण जी मुलगी भरल्या सभेत माईक घेऊन बोलते, तिला स्वतःच्या मनातलं बोलायला साथी सापडत नाहीत आणि अठ्ठ्याहत्तर पत्ते सापडतात, याची लाज आधी आम्हाला वाटायला हवी. आणि हो, बावीस प्रतिज्ञांत पत्त्यांचा उल्लेख कुठेच नाही. टोमणा मारणाऱ्या साथीला आम्ही नंतर प्रतिज्ञा ओळीने म्हणायला सांगितल्या, तर तो चौदाव्यापाशी अडकला. प्रतिज्ञा स्वतः पाळण्यासाठी असतात, दुसऱ्याला फेकून मारण्यासाठी नव्हे.

ती एकटी नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, वसतिगृहे, आयटीत लागलेल्या आपल्या मुला-मुलींचे फोन, सगळीकडे 'आजचे कार्ड' पोहोचले आहे. ज्यांच्या आजी-आजोबांनी दीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडले, त्यांची ही नातवंडे. कुंडली मागणारे स्थळ ती परत पाठवतात, सत्यनारायणाच्या पूजेची चेष्टा करतात, आणि सकाळी चहाबरोबर एक कार्ड ओढतात. विचारले की उत्तर ठरलेले : "हे ज्योतिष नाही, सेल्फ-रिफ्लेक्शन आहे." हा युक्तिवाद 'अंधश्रद्धा' एवढा एक शब्द उच्चारून उडवून लावता येत नाही. तो नीट तपासावा लागेल.

आधी या पत्त्यांचा इतिहास. टॅरो म्हणजे इजिप्तची, कोणी म्हणते त्याहूनही जुनी, गूढ विद्या असे सांगितले जाते. वास्तविक पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या मिलान, फेरारा अशा दरबारांत हा पत्त्यांचा खेळ सुरू झाला. आपण हुकूम बोलून हात करतो तसाच खेळ. आज ज्यांना 'मेजर अर्काना' म्हणतात ती बावीस पाने म्हणजे मुळात एकवीस हुकमाची पाने आणि एक विदूषक. तीनशेहून अधिक वर्षे लोक हे पत्ते मुख्यतः खेळण्यासाठीच वापरत होते. १७८१ मध्ये पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या गृहस्थाने लिहून टाकले की या पत्त्यांत प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे ज्ञान दडले आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कोणालाही वाचता येत नव्हती. शाम्पोलियॉने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे जी लिपी वाचता येत नाही तिच्यातले ज्ञान यांनी आधीच वाचून ठेवले! पुराणात विमाने शोधणारी मंडळी आपल्याकडेच असतात असे समजू नका.

आज सर्वांत जास्त खपणारा कॅट १९०९ मध्ये लंडनमध्ये निघाला. त्याला 'रायडर-वेट' म्हणतात. रायडर हा प्रकाशक, वेट हा कल्पना सांगणारा. आणि अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर चित्रे जिने काढली ती पामेला कोलमन स्मिथ? नाव गायब. काम प्रचंड आणि पैसे अगदी थोडे, असे तिने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवले आहे. १९५१ मध्ये ती कर्जात मेली. तिच्या चित्रांवर जगभर लोकांनी धंदे उभे केले. गूढ शक्तीचा हा बाजार उभा राहिला तो एका बाईच्या बेनाम श्रमावर. 'उर्जा', 'विश्वाची साथ' असले शब्द वापरणाऱ्यांनी एवढा हिशेब तरी ठेवावा.

आता आपल्या रस्त्यावर या. स्टेशनबाहेर, जत्रेत, पोपटवाला बसलेला तुम्ही पाहिला असेल. पिंजऱ्याचे दार उघडले की पोपट डुलत बाहेर येतो, रांगेतले एक पाकीट चोचीने ओढतो, पोपटवाला आतले चित्र बघून तुमच्या मनातले सांगतो. पत्ते, चित्र, योगायोग, आणि समोरच्याचे मन वाचत केलेले बोलणे. टॅरोत यापेक्षा वेगळे काय आहे? पोपट नाही, एवढेच. पण पोपटवाल्याला आपण अडाणी म्हणतो, आणि इंग्रजीतून तेच करणाऱ्याला 'कोच' म्हणून तासाची फी देतो. कुडमुडे जोशी, पिंगळा जोशी या जमाती पिढ्यानपिढ्या दारोदार भविष्य सांगून पोट भरत आल्या. व्यवस्थेने त्यांना ना जमीन दिली ना गाव. भटक्यांच्या वाट्याला या समाजाने काय ठेवले ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसले : भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. अनोळखी माणूस दारात उभा राहून नशिबाबद्दल बोलला तर संशय, आणि फोनच्या पडद्यावर येऊन बोलला तर फॉलोअर. अंधश्रद्धेलाही जात आणि वर्ग असतो हे आपण तरी विसरू नये.

याचा अर्थ पोपटवाला बरोबर आणि टॅरोवाला चूक असा नाही. जोतीरावांनी १८५५ मध्येच 'तृतीय रत्न' नाटक लिहून हा धंदा उघडा पाडला होता. त्यातला जोशी गरोदर कुणबी बाईला पोटातल्या बाळाच्या ग्रहांची भीती घालतो आणि त्या गरीब घराला कर्जात ढकलतो. नाटकाच्या शेवटी ते जोडपे कुठे जायचे ठरवते, माहीत आहे? रात्रीच्या शाळेत. जोशाची भीती गेली की माणूस शिकायला निघतो, हा जोतीरावांचा हिशेब होता. आज मात्र गंमत अशी की शाळा झाली, कॉलेज झाले, नेट-सेट झाले, आणि त्याच्याही पुढे कार्ड आले. कारण कार्ड जोशासारखे वागत नाही. जोशी भीती घालायचा, कार्ड गोंजारते. जोशी सांगायचा, तुझ्या पोराला शनी आहे. कार्ड सांगते, तू थकली आहेस, थोडी थांब. ज्या मुलीला दिवसभरात कोणीही "थकलीस का गं?" म्हणून विचारलेले नाही, तिच्या डोळ्यांत त्या एका ओळीने पाणी येणारच. तिला आम्ही मूर्ख कसे म्हणावे?

ते वाक्य तिलाच कसे लागू पडते, याचे उत्तर मात्र जुने आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचे वर्णन' म्हणून एक कागद दिला. कितपत जुळते, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केले की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. वरून खंबीर पण आतून अस्वस्थ, लोकांनी आपल्याला मानावे असे वाटते, कधी मोकळे तर कधी घुमे. कोण नाही असे?

यावर आमची साथी म्हणेल (आणि नंतर ती म्हणालीच), "मान्य. कार्डाला काही कळत नाही. पण चित्र बघून माझ्या मनात जे येतं ते तर माझंच असतं ना?" हा तिचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे आणि तो अर्धा खरा आहे. चित्र बघून मनातले वर येते. चैत्यभूमीचा फोटो बघून येते, जुन्या चाळीचा दरवाजा बघून येते, आईच्या लुगड्याचा तुकडा बघून येते. मग आम्ही तिला एक साधा प्रयोग सांगितला. पत्ते पिसायचे नाहीत, उलटेही ठेवायचे नाहीत. सगळे सुलटे मांडायचे आणि आज ज्या चित्रावर लिहावेसे वाटते ते स्वतःच्या हाताने उचलायचे. मन तेच, चित्र तेच, वही तीच. दोन दिवसांनी तिने प्रामाणिकपणे सांगितले, "मजा नाही येत." का नाही येत? कारण 'मी निवडले' आणि 'मला आले' यांत फरक आहे. 'मला आले' म्हटले की पाठवणारा कोणीतरी आला. त्याचे नाव विश्व असो, ऊर्जा असो, नियती असो. देव्हारा उतरवला, पण पाठवणाऱ्याची जागा मनात तशीच राखून ठेवली.

बावीस मोठी पाने आणि बावीस प्रतिज्ञा! हा योगायोग बघून एखाद्याच्या अंगावर शहारा येईल. येऊ द्या. शहारा कसा तयार होतो तेच आम्ही सांगतो आहोत.

इथपर्यंतचे सगळे विवेकवादी मंडळीही सांगतील. आंबेडकरी माणसाला यापुढे जावे लागते, कारण आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. कार्ड खोटे बोलते यापेक्षा ते काय बोलत नाही, ही आमची तक्रार आहे.

त्या दिवसांत आमच्या साथीची फेलोशिप सहा महिने रखडली होती. खोलीचे भाडे थकले, मेसवाल्या मावशींना तोंड दाखवायची चोरी झाली, घरी सांगायची सोय नाही कारण घरी तिच्याच पैशावर धाकट्याचे शिक्षण. अशा एका सकाळी तिला कार्ड आले 'फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स'. चित्र असे आहे : बर्फ पडतो आहे, दोन फाटके माणसे रस्त्याने चालली आहेत, त्यातला एक कुबड्या घेतलेला, दुसरी अनवाणी बाई. त्यांच्या डोक्यावर चर्चची रंगीत काचेची खिडकी आतल्या उजेडाने झळकते आहे. या कार्डाचा अर्थ पुस्तकांत आणि ॲपमध्ये बहुतेक असा सांगतात की, मदत जवळच आहे, पण तू मान खाली घालून चालली आहेस म्हणून ती तुला दिसत नाही. अभावाची मानसिकता सोड. तिने त्या दिवशी वहीत चार पाने लिहिली. मी पैशाबद्दल फार नकारात्मक विचार करते. मला मागता येत नाही. मी मनातूनच स्वतःला गरीब समजते. चार पानांत फेलोशिप अडवून ठेवणाऱ्या कार्यालयाबद्दल एक ओळ नव्हती.

हे चित्र तुम्हीही एकदा नीट बघा. त्यात खिडकी आहे, दरवाजा कुठेही दिसत नाही. देवाच्या घरात उजेड आहे आणि उपाशी माणसे बाहेर थंडीत आहेत, आणि अर्थ सांगणारा म्हणतो, दोष बाहेरच्यांच्या नजरेत आहे! २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर जी आपली माणसे उभी राहिली, त्यांना कोणी असे कार्ड दिले असते तर? 'तुमच्या मनातला दरवाजा बंद आहे.' नाही भाऊ. दरवाजा लाकडाचा होता आणि तो आतून माणसांनी लावला होता. आपल्या माणसांनी तो बघितला म्हणून सत्याग्रह झाला, आणि पाच वर्षांनी येवल्यात बाबासाहेबांनी त्या घराकडेच पाठ फिरवण्याची घोषणा केली. 'अभावाची मानसिकता' शोधत बसले असते तर अजून खिडकीखाली उभे असते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना कर्माच्या सिद्धांतावर एवढी मेहनत का घेतली, ते इथे समजते. माणसाची आजची दशा त्याच्या मागच्या जन्मातल्या कर्माने ठरते, या मताची त्यांनी तिथे चिरफाड केली आहे. असे मत कोणाच्या सोयीचे, तर गरीब आणि खालच्या समजल्या गेलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी यासाठी, असा त्यांचा रोख आहे. आता 'मागचा जन्म' काढा आणि तिथे 'तुझी ऊर्जा', 'तुझे ब्लॉक', 'तुझे मॅनिफेस्टेशन' घाला. वाक्य तसेच उभे राहते. तुझ्या दशेला तूच कारण. कर्मविपाकाने शेंडी काढली आणि इंग्रजी शिकून तो आपल्याच वसतिगृहात राहायला आला.

आणि कधीकधी शेंडीही काढलेली नसते. 'ओशो झेन टॅरो' नावाचा प्रसिद्ध कॅट आहे. आमच्या पुण्याच्या कोरेगाव पार्कशी नाते सांगणारा. 'झेन' शब्दामुळे आपल्याकडचे काहीजण त्याला बौद्ध समजून घेतात. त्यातले अठरावे मोठे पान काय आहे? 'पास्ट लाइव्ह्ज', मागील जन्म. वर बुद्धाचे नाव, आत मागचा जन्म. ऑनलाइन बुद्धाचे चित्र छापलेल्या ओरॅकल कार्डांचे संचही मिळतात. ओरॅकलला टॅरोसारखा ठरलेला साचा नसतो, काढणाऱ्याला वाटेल तेवढी पाने, प्रत्येकावर एक गोड वाक्य. तथागतांच्या तोंडी कोणीही काहीही घालावे आणि आपण ते सकाळच्या स्टेटसला ठेवावे, असे चालले आहे.

मग तथागतांनी स्वतः याबद्दल काय सांगितले आहे? दीघ निकायातले पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त, घ्या. काही श्रमण-ब्राह्मण कोणकोणत्या हीन विद्यांवर पोट भरतात आणि भगवंत त्यांपासून कसे अलिप्त आहेत, याची त्यात लांबलचक यादी आहे. अंगलक्षणे, स्वप्ने, शकुन, उंदराने कुरतडलेल्या कपड्यावरून भविष्य! त्या यादीत एक शब्द येतो 'आदासपञ्ह'. आदास म्हणजे आरसा. आरशाला प्रश्न विचारून उत्तर मिळवणे. ही नावे उपजीविकेच्या संदर्भात आली आहेत हे आम्ही मान्य करतो; खोलीत बसून वही लिहिणाऱ्या मुलीला हे सुत्त दटावत नाही. पण पुढे ऐका.

मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. भगवंत लहानग्या राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, बघण्यासाठी, भन्ते. भगवंत म्हणतात, तसेच बघून बघून कर्म करावे, कायेने, वाचेने आणि मनाने. करण्याआधी बघ, करत असताना बघ, करून झाल्यावर बघ, की याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होते का. होणार असेल तर करू नकोस. करता करता लक्षात आले तर थांब. काया-वाचेने करून बसल्यावर लक्षात आले तर आचार्यांसमोर किंवा जाणत्या साथींसमोर ते उघड कर आणि पुढे सावध राहा.

एकाच आरशाचे हे दोन उपयोग आहेत. एकात आपण त्याला प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. दुसऱ्यात आपले कर्म त्यात बघतो. तीन गोष्टी इथे ध्यानात घ्या. बघायचे आहे ते कर्म, 'माझी ऊर्जा' नव्हे. मोजायचे आहे ते दुःख, आणि त्या मोजणीत दुसरा माणूस पहिल्यापासून हजर आहे. आणि चूक सापडली तर ती वहीत कोंडून ठेवायची नाही, साथींसमोर बोलायची आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात ज्या सात धम्मोपदेशांची नावे घेऊन ते भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत असे सांगितले, त्यात राहुलाला केलेला हा उपदेश आहे. आम्ही बुद्ध वंदना घेतो, पण हे सुत्त आमच्यापैकी कितीजणांनी वाचले होते? आम्ही स्वतः ते त्या मुलीच्या प्रसंगानंतर पहिल्यांदा नीट वाचले. हेही उघड केलेले बरे.

कारण शेवटी प्रश्न आमच्याकडेच येतो. आमच्या चळवळीत भाषणाला जागा आहे, घोषणेला आहे, श्रद्धांजलीला आहे. 'मला जमत नाहीये' असे म्हणायला जागा नाही. १७ जानेवारीला आम्ही रोहित वेमुलाचे स्मरण करतो, २२ मे रोजी डॉ. पायल तडवीचे. दोन्ही दिवशी आम्ही व्यवस्थेला जाब विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. पण मेणबत्ती धरून शेजारी उभा असलेला पोरगा रात्री झोपतो की नाही, हे आम्ही विचारत नाही. तो सांगायला गेला तर आम्ही म्हणतो, "बाबासाहेबांनी किती सोसलं, तुला एवढ्यानंच काय झालं?" बाबासाहेबांचे नाव घेऊन पोरांचे तोंड बंद करतो. १९२६ मध्ये राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र वाचा. संसाराची राख झालेला एक बाप आपल्या मित्राजवळ मन मोकळे करतो आहे. ज्यांच्या नावाने आम्ही रडू नका म्हणतो, ते साथीजवळ रडले होते.

आणि आत्मपरीक्षण आपल्याला बाहेरून आणायची गरज नव्हती. १९७८ मध्ये आलेल्या 'बलुतं'मध्ये शिकलेला दया पवार आणि गावकुसाबाहेरचा दगडू समोरासमोर बसून बोलतात. स्वतःलाच दोन माणसांत वाटून घेऊन दोघांचीही तपासणी. बेबीताई कांबळे, उर्मिला पवार यांनी नवऱ्याचा मार, घरातले पुरुष, आपल्याच वस्तीतला बायकांचा छळ लिहिला, तोही चळवळीवरचे प्रेम तसूभर कमी न करता. या पुस्तकांवर आम्ही परीक्षेपुरती टिपणे काढली, स्वतःची वही मात्र कोरी ठेवली. ती कोरी जागा बाजाराने बघितली. समुपदेशकाच्या एका भेटीची फी विद्यार्थ्याला झेपत नाही, आणि झेपली तरी समोरचा "आता जात कोण पाळतं?" असे म्हणणार नाही याची खात्री नाही. त्यापेक्षा ॲप फुकट. (कोणाला खरोखरच जगणे नकोसे वाटत असेल, तर कार्डही नको आणि आमचा लेखही नको, डॉक्टरकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो.)

ती दोन महिन्यांनी परत आली ती आम्ही तिघांनी तिच्या खोलीवर जाऊन माफी मागितल्यावर. कॅट जाळ वगैरे आम्ही म्हणालो नाही. तो अजून तिच्या कपाटात आहे. आम्ही एवढेच विचारले की त्या चार पानांवर पाचवे पान लिहिशील का, राहुलच्या आरशात बघून. त्यात तिने लिहिले : सहा महिने गप्प बसणे हेही माझे कर्मच आहे. त्याने मला दुःख झाले. दुसऱ्या कोणाला झाले? मग तिने फोन लावायला सुरुवात केली. त्याच यादीतल्या आणखी अकरा जणांचे पैसे अडकले होते. प्रत्येकजण समजत होता की आपल्याच कागदात काहीतरी चूक असेल. एकाने तर शिक्षण सोडून गावी जायचे ठरवले होते. बारा जणांनी मिळून अर्ज दिला, माहितीचा अधिकार लावला. पैसे आम्ही हे लिहीत असेपर्यंत पूर्ण आलेले नाहीत. पण गावी निघालेला तो मुलगा अजून पुण्यात आहे.

वर्गातही आता पहिला अर्धा तास भाषण नसते. योगायोगाने समोर आलेला प्रश्न आपण टाळू शकत नाही, हा तिचा मुद्दा आम्हाला पटला होता, तो आम्ही घेतला. पेढ्यांच्या एका जुन्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आहेत. चिठ्ठीवर उत्तर नसते, प्रश्न असतो. या आठवड्यात कोणाचा अपमान बघून गप्प राहिलो? घरातले कोणते काम बाईचे समजून सोडले? आपल्याहून खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीबद्दल मनात काय आले? कोणावर हसलो? कोणाकडे मदत मागायला लाजलो? एकाने चिठ्ठी काढायची, सगळ्यांनी दहा मिनिटे लिहायचे, ज्याला वाटेल त्याने वाचायचे. वाचलेले बाहेर न्यायचे नाही. एक ज्येष्ठ कार्यकर्ते हे बघून म्हणाले, "म्हणजे तुम्ही टॅरोला निळा रंग दिला!" आम्ही त्यांना चिठ्ठी काढायला लावली. त्यांना आला 'घरातले कोणते काम' हा प्रश्न. ते बराच वेळ पेन नुसते हातात धरून बसले, मग चार ओळी लिहिल्या. वाचल्या नाहीत. पुढच्या रविवारी मात्र वेळेवर आले.

डब्यात सध्या चाळीसेक चिठ्ठ्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आम्हा पुरुषांनीच लिहिलेल्या असल्याने एकाच बाजूच्या आहेत. तुमच्या वस्तीतले, वसतिगृहातले, कामाच्या ठिकाणचे प्रश्न असतील तर पाठवा. उत्तरे पाठवू नका.